प्रदर्शनांतील ताट आणि बाजारांतील गोणी

पिकांच्या स्पर्धा व प्रदर्शनें हा केवळ हौसेचा भाग आहे, असा पुष्कळांचा समज आहे. हौस त्यांत असतेच. परंतु मालाच्या विक्रीसंबंधानें त्यांपासून घेण्यासारखें बरेंच आहे, व तेंच आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

भाजीपाल्याच्या प्रदर्शनांत कांद्याचें ताट मांडावयाचें तर ठराविक नग ठेवावे लागतात. नवा स्पर्धक शेतांतील सर्वांत थोर कांदा आणून मधोमध बसवितो, आणि बक्षीस हुकलें म्हणजे परीक्षकास दोष देतो. परीक्षक आधीं पाहतो तो सारखेपणा: आकार एक, रंग एक, मान बारीक, पापुद्रा अखंड. एकच थोर कांदा शेजारच्या चार कांद्यांस लहान करून दाखवितो!

नगर शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर असलेलें नागापूर आज कारखान्यांमुळें ओळखलें जातें. त्या बाजूच्या शेतकऱ्यास कांदा विकावयाचा तर नेप्तीचा उपबाजार जवळ पडतो. नाशिककडे कांदा गाडींत मोकळा येतो. येथें तो गोणींतून येतो, आणि भाव एक नंबर, दोन नंबर असे प्रतवारीनें निघतात. गोणी बंद असल्यामुळें तोंडाशीं निवडक माल व पोटांत गोल्टी भरण्याचा मोह कित्येकांस होतो. प्रदर्शनाचा हा अगदीं उलटा धडा होय. व्यापारी गोणी ओतून पाहतो. आणि एकदां फसला म्हणजे पुढल्या खेपेस त्या नांवाच्या चांगल्या मालासही हात राखूनच बोली करतो.

हिशेब करून पाहावा. समजा, ४० क्विंटल कांदा आहे व एक, दोन आणि तीन नंबरास क्विंटलमागें अनुक्रमें १५००, ११०० व ७०० रुपये भाव आहे. निवडून २५, १० व ५ क्विंटल असे वेगळे भरले तर ५२,००० रुपये येतात. सरमिसळ माल दोन नंबरानें गेला तर ४४,०००. निवडणीची मजुरी या आठ हजारांतून वजा करावी, आणि मग निवडावें कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें.

कृषि विभागाच्या पीकस्पर्धेंत मात्र हेक्टरी उत्पन्न मोजतात. ती कसोटी आपल्या जागीं योग्य आहे. तथापि तीत पहिला येणाऱ्याचा माल बाजारांत पहिल्या भावानें जाईलच असें नाहीं.

राहिली एक अडचण. एकट्याच्या पंचवीस क्विंटलांनीं मालमोटार भरत नाहीं. दूरच्या पेठेस पाठविणारा व्यापारी दहा जणांचा माल एकत्र करतो, आणि तेथें सारखेपणा पुन्हां मोडतो. पानी फाउंडेशननें २०२२ सालीं सुरू केलेल्या फार्मर कप स्पर्धेंत एकेकटा शेतकरी नव्हे, तर शेतकऱ्यांचा गट उतरतो. गटानें एक पीक घ्यावयाचें, बीं व खत एकत्र आणावयाचें, मशागत एका रीतीनें करावयाची. आमच्या मतें बक्षिसाहून मोठा लाभ येथेंच आहे. कारण एका वाणाचा, एकाच पंधरवड्यांत लावलेला माल निवडण्यास सोपा जातो व मोटार भरेल इतका निघतो.

उन्हाळी कांदा चाळींत घालणाऱ्यांनीं निवड दोनदां करावी: भरतेवेळीं जोडकांदा, डेंगळ्याचा व जाड मानेचा कांदा बाजूस काढून आधीं विकून टाकावा, आणि विक्रीच्या वेळीं सडका व कोंब आलेला काढून उरलेल्याची प्रत लावावी.