किशोरपूर्व वयातील मुलांचे व्यक्तिमत्त्वमापन : कसोट्या, त्यांचा आधार आणि भाषेचा प्रश्न

आठ ते बारा या वयोगटातील एखाद्या मुलाविषयी पालक किंवा शिक्षक जेव्हा ‘तो स्वभावानेच तसा आहे’ असे म्हणतात, तेव्हा ते नकळत एक मानसशास्त्रीय विधान करीत असतात. मुलाच्या वागण्यात काही सातत्य आहे, त्या सातत्याचे मूळ परिस्थितीपेक्षा मुलातच अधिक आहे आणि ते पुढेही टिकणार आहे, अशी तीन गृहीतके त्या विधानात दडलेली असतात. व्यक्तिमत्त्वमापनाच्या कसोट्या हीच गृहीतके मोजमापाच्या भाषेत मांडतात. या वयासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख कसोट्यांचा परिचय करून देणे, त्यांच्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे याचा विचार करणे आणि भाषांतरित कसोटी मराठी मुलापुढे येते तेव्हा काय घडते याकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे वय मापनाच्या दृष्टीने अवघड आहे. एरिक एरिक्सन यांनी सहा ते बारा या वर्षांचे वर्णन उद्यमशीलता आणि न्यूनभाव यांतील संघर्षाचा काळ असे केले. सुसान हार्टर यांच्या संशोधनानुसार साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास मूल स्वतःची तुलना इतरांशी करू लागते आणि ‘मी एकंदरीत कसा आहे’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकते. त्यापूर्वी ‘मला पळता येते’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ अशी सुटी विधानेच त्याच्याकडून मिळतात. म्हणजे प्रश्नावलीला उत्तर देण्याची पात्रता मुलात नुकतीच येत असते, आणि ज्याचे मापन करावयाचे ते अजून घडतच असते. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकिओ यांनी २००० साली १५२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गुणविशेषांच्या स्थैर्याचा सहसंबंध बालपणात ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिसाव्या वर्षी ०.६४ आणि पन्नाशीनंतर सुमारे ०.७४ असल्याचे त्यांना आढळले. ०.३१ या आकड्याचा अर्थ असा, की आजच्या गुणांवरून काही वर्षांनंतरच्या गुणांमधील फरकांचा जेमतेम दहावा भाग सांगता येतो. कसोटी कितीही निर्दोष असली, तरी ही मर्यादा कसोटीची नसून वयाची आहे.

प्रथम आत्मनिवेदनावर आधारलेल्या प्रश्नावलींचा विचार करू. रदरफोर्ड पोर्टर आणि रेमंड कॅटेल यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेली बालव्यक्तिमत्त्व प्रश्नावली या गटातील सर्वपरिचित कसोटी होय. तिच्यात चौदा गुणघटक मोजले जातात. प्रत्येक प्रतिरूपात १४० प्रश्न असून दोन पर्यायांपैकी एक निवडावयाचा असतो. या चौदा घटकांत बुद्धिमत्तेचाही समावेश आहे, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. व्यक्तिमत्त्वाचा आराखडा म्हणून वाचल्या जाणाऱ्या आलेखातील एक बिंदू प्रत्यक्षात आकलनशक्तीचा असतो. या प्रश्नावलीचे हिंदी रूपांतर उपलब्ध असून उत्तर भारतातील शैक्षणिक संशोधनात ते पुष्कळ वापरले गेले आहे.

सिबिल आयसेंक यांची कुमारांसाठीची व्यक्तिमत्त्व शोधिका १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ६० प्रश्नांपैकी २४ बहिर्मुखतेचे, २४ भावनिक अस्थैर्याचे आणि उरलेले १२ तथाकथित ‘असत्य मापिके’चे आहेत. मूल स्वतःला वाजवीपेक्षा चांगले दाखवीत आहे काय, हे या शेवटच्या बारा प्रश्नांवरून ताडावयाचे असते. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘मी मोठ्यांचे नेहमी ऐकतो’ अशा आशयाच्या विधानाला होकार देणारे मूल खोटे बोलत आहे असे कसोटी मानते. परंतु ज्या घरात मोठ्यांचे ऐकणे ही वागण्याची पहिली अट म्हणून शिकविली जाते, तेथे हा होकार म्हणजे पाठ केलेल्या नियमाचे कथन असते. मूल आपण कसे वागतो हे सांगत नसून कसे वागावे हे सांगत असते. लहान मुलांना या मापिकेवर मोठ्या मुलांपेक्षा अधिक गुण मिळतात, ही गोष्टही याच दिशेने बोट दाखविते. अशा गुणांना असत्य म्हणण्यापेक्षा संस्कारनिष्ठा म्हणणे प्रस्तुत लेखकास अधिक युक्त वाटते.

या अडचणीवर हार्टर यांनी १९८५ च्या आपल्या स्वप्रतिमा मापिकेत एक साधा उपाय योजला. तिच्यात ३६ विधाने असून अभ्यास, मित्रांतील स्थान, खेळ, रूप, वर्तन आणि एकंदर आत्ममूल्य अशी सहा अंगे आहेत. प्रत्येक विधान ‘काही मुले अशी असतात, तर काही मुले तशी असतात’ या स्वरूपाचे असते. मुलाने प्रथम आपण कोणत्या मुलांसारखे आहोत ते ठरवावयाचे आणि मग ते पूर्णतः की थोडेफार हे सांगावयाचे. दोन्ही प्रकारची मुले जगात आहेत हे वाक्यानेच मान्य केल्यामुळे कमीपणाची कबुली देण्याचा संकोच काहीसा ओसरतो.

दुसरा गट प्रक्षेपण तंत्रांचा. या तंत्रांविषयी पालकांमध्ये जेवढे कुतूहल आहे तेवढेच गैरसमजही आहेत. संदिग्ध उद्दीपकाला अर्थ देताना व्यक्ती आपल्या अंतरंगातील काही भाग त्यावर आरोपित करते, हे त्यांचे मूळ तत्त्व. लिओपोल्ड बेलाक आणि सोन्या बेलाक यांची बालकांसाठीची चित्रकथा कसोटी १९४९ मधील. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या दहा चित्रांत माणसांऐवजी प्राणी आहेत, कारण मुले प्राण्यांशी अधिक सहजतेने तादात्म्य पावतात अशी बेलाक यांची धारणा होती. वाडग्याभोवती जेवावयास बसलेली पिले, खुर्चीत बसलेला सिंह आणि बिळातून पाहणारा उंदीर, माकडावर झेप घेणारा वाघ अशी ही चित्रे आहेत. मोठ्या मुलांना प्राण्यांची चित्रे बालिश वाटू शकतात. म्हणून १९६५ मध्ये मानवी आकृत्यांचा संचही काढण्यात आला.

या चित्रांतील एका चित्रात अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या पलंगावर एकटा बसलेला ससा उघड्या दारातून दिसतो. एकटेपण, टाकले जाण्याची भीती, आईवडिलांच्या खोलीविषयीचे कुतूहल हे विषय त्यातून निघावेत अशी अपेक्षा असते. आता, जे मूल आजीच्या कुशीत किंवा भावंडांच्या रांगेत झोपते, त्याला स्वतंत्र शयनगृह हेच मुळी अपरिचित आहे. ‘ससा आजारी आहे, म्हणून त्याला वेगळे झोपविले आहे’ अशी गोष्ट त्याने सांगितली, तर ती त्याच्या घराच्या रचनेतून आलेली सरळ उपपत्ती ठरते. तिच्यात आजाराची चिंता शोधणे हा परीक्षकाचाच प्रक्षेप होय. उमा चौधरी यांनी या कसोटीचे भारतीय रूपांतर केले, त्यामागील गरज हीच होती.

मानवाकृती रेखाटनाची कथा अधिक बोधप्रद आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बौद्धिक विकास मोजण्याची पद्धत मांडली. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी तिचे भारतीय मुलांसाठी प्रमाणीकरण केले. या पद्धतीत चित्रात कोणते तपशील आले आहेत हे मोजले जाते. १९४९ साली कॅरन मॅकोव्हर यांनी त्याच चित्रातून व्यक्तिमत्त्व वाचण्यास आरंभ केला आणि मोठे डोळे, वगळलेले हात, गडद छटा अशा चिन्हांना भावनिक अर्थ दिले. या अर्थांचे पुढे काय झाले, ते लॉरेन आणि जीन चॅपमन यांच्या १९६७ च्या प्रयोगाने उघड केले. त्यांनी विद्यार्थ्यांना काही चित्रे आणि त्यांच्या जोडीला रुग्णांची लक्षणे दाखविली. या जोड्या यादृच्छिक होत्या, त्यांत कोणताही संबंध नव्हता. तरीही विद्यार्थ्यांना तेच संबंध ‘आढळले’, जे अनुभवी चिकित्सक सांगत असत : संशयी माणसाचे डोळे वेगळे काढलेले असतात, इत्यादी. डोळे आणि संशय यांचा संबंध चित्रात नसून आपल्या भाषेत आणि कल्पनेत असतो. मराठीत तर नजर लागते, डोळ्यांत खुपते, डोळ्यावर येते. चित्र समोर येण्यापूर्वीच परीक्षकाच्या मनात अर्थ तयार असतो. स्कॉट लिलियनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रक्षेपण तंत्रांचा जो चिकित्सक आढावा प्रसिद्ध केला, त्यातही रेखाटनातील सुट्या चिन्हांना पुराव्याचा आधार फारच तोकडा असल्याचे दिसून आले.

याचा अर्थ चित्रे काढून घेऊ नयेत असा नाही. अबोल मुलाशी संवाद सुरू करण्यास कागद आणि पेन्सिल यांसारखे साधन नाही. केवळ त्या कागदावरून निदान लिहू नये, एवढेच.

तिसऱ्या गटात मुलाविषयी इतरांना विचारले जाते. थॉमस आखेनबाख यांची बालवर्तन सूची आणि तिच्या आधारे सविता मल्होत्रा यांनी चंदीगड येथे १९८८ मध्ये सिद्ध केलेली, चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीची पालक-मुलाखतीची ७५ प्रश्नांची मापिका ही त्याची उदाहरणे. या मापिका व्यक्तिमत्त्वापेक्षा वर्तनसमस्यांचे मापन करतात. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की आई आणि वडील यांसारख्या एकाच भूमिकेतील व्यक्तींच्या मतांत सरासरी सहसंबंध ०.६० असतो, पालक आणि शिक्षक यांसारख्या भिन्न भूमिकांतील व्यक्तींत तो ०.२८ वर येतो. मूल स्वतः आणि इतर यांच्यात तो केवळ ०.२२ असतो. यात कोणीतरी चुकत आहे असे समजण्याचे कारण नाही. वर्गात गप्प असणारे मूल घरात दंगा करते, आणि दोन्ही माहिती खरी असते.

भाषेच्या प्रश्नाचा विचार सॉल रोझेनझ्वाइग यांच्या चित्र-वैफल्य कसोटीच्या आधारे करणे सोयीचे आहे, कारण तिच्यात मुलाचे उत्तर म्हणजे एक उच्चारलेले वाक्यच असते. बालकांसाठीच्या प्रतिरूपात २४ व्यंगचित्रवजा चित्रे असून एक व्यक्ती मुलाला काहीतरी निराशाजनक सांगत असते. मुलाच्या तोंडचा रिकामा फुगा भरावयाचा असतो. उदय पारीक यांनी या प्रतिरूपाचे भारतीय रूपांतर केले. उत्तरांची विभागणी राग बाहेर वळतो, स्वतःकडे वळतो की टाळला जातो यावरून होते. समजा, काच फुटल्याबद्दल कोणी मुलाला रागावत आहे. ‘तुम्हीच ती तिथे ठेवली होती’ हे पहिल्या प्रकारचे उत्तर, ‘मी फोडली, चुकलं माझं’ हे दुसऱ्या आणि ‘जाऊ दे, जुनीच होती’ हे तिसऱ्या प्रकारचे. परंतु मराठी मूल बहुधा म्हणते, ‘माझ्या हातून फुटली.’ या वाक्यात कृतीचा संबंध स्वतःशी मान्य केला आहे, हेतू मात्र नाकारला आहे. ते दुसऱ्या प्रकारात घालावे की तिसऱ्या? वर्गवारी इंग्रजीत घडली, तेव्हा हा प्रयोग तिच्या कर्त्यांपुढे नव्हता.

संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी मूल आईला ‘तू’ म्हणते, आणि त्या ‘तू’मध्ये जवळीक असते. हिंदी भाषक प्रदेशातील कित्येक घरांत आईला ‘आप’ म्हटले जाते. वाराणसी, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथे वाढणारे मराठी मूल हिंदी कसोटीत घरचाच ‘तू’ वापरून गेले, तर हिंदी भाषक परीक्षकाला ते उद्धट वाटू शकते. उलट, शाळेत शिकलेला ‘आप’ त्याने आईच्या तोंडी वापरला, तर घरात दुरावा असल्याचा भास होतो. प्रश्नावलीतही अशा खाचा आहेत. ‘तुला अंधाराची भीती वाटत नाही ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, तर भीती वाटते की वाटत नाही? नकारार्थी प्रश्न शब्दशः भाषांतरित केले की असे दुहेरी होकार जमा होतात आणि गुणांकन तक्त्यात ते निमूटपणे एका रकान्यात जाऊन बसतात. ‘लाजाळू’ हा शब्दही असाच. मुलाच्या बाबतीत तो उणीव सुचवितो, मुलीच्या बाबतीत अनेक घरांत अजूनही प्रशंसा.

या साऱ्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली असून पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि प्रवेशानंतर केलेल्या चाचणीचा अहवाल मुलाच्या नस्तीत राहतो आणि पुढच्या वर्गशिक्षकाकडे जातो. दहाव्या वर्षी लिहिलेले ‘आक्रमक प्रवृत्ती’ हे दोन शब्द तेराव्या वर्षी वाचले जातात, तेव्हा ते मूल बदललेले असण्याची शक्यता वर दिलेल्या ०.३१ या आकड्यातच आहे. म्हणून अहवालावर चाचणीची तारीख, वापरलेली कसोटी, तिची मानके कोणत्या भाषागटावरून काढली आहेत आणि निष्कर्ष किती काळानंतर पुन्हा तपासावेत, या गोष्टी ठळकपणे असाव्यात. अहवाल लिहिणारी व्यक्ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे काय, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे आणि तो त्यांनी संकोच न करता वापरावा.

द्विभाषिक मुलाची चाचणी घेताना एक व्यवहार्य पद्धत अवलंबिता येईल. सूचना दोन्ही भाषांत द्याव्यात, उत्तर कोणत्याही भाषेत देण्याची मोकळीक असावी आणि ते मुलाच्याच शब्दांत, भाषाबदलासकट उतरवून घ्यावे. मूल कोणत्या चित्रापाशी हिंदीतून मराठीत आले, हे समासात नोंदवावे. गुणांकन नंतर करावे, आणि ते करताना ती नोंदवही मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या परीक्षकाला एकदा वाचावयास द्यावी.