तापायला शेवट असतो का?

गेल्या दिवाळीत सुलतानपूरच्या घरी चकल्यांचा घाणा चालू होता. मराठीच्या प्राध्यापकाचा अशा कामात काय उपयोग? मी पाटावर बसून चव घेत होतो. चुलीपाशी बसलेल्या पुतण्याने एकाएकी विचारले, "काका, तेल आणखी तापवलं तं? आन् त्याच्याहून आणखी?"

मी प्राध्यापकी थाटात सांगून टाकले, "प्रकाशाहून वेगाने काही धावत नाही. कण त्या वेगाला पोचले, की तापणे संपले!" पोरगा खूश, मीही खूश.

सुट्टीनंतर कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना हे ऐकवले, तर ते पोट धरून हसले. उष्णता म्हणजे कणांची धडपड, इतके माझे बरोबर होते. धडपड जवळजवळ थांबली की आणखी थंड होणे नाही; म्हणून खाली शून्याखाली 273.15 अंशांवर तळ आहे. पण वर? वेगाला कुंपण असले तरी शक्तीला नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ गेलेल्या कणाचा वेग फारसा वाढत नाही, शक्ती मात्र हवी तेवढी वाढवता येते. माझे उत्तर साफ चुकले होते, आणि पोराने ते शाळेत ऐटीत सांगितले होते!

म्हणून संक्रांतीला त्याला घेऊन जवळच्या लोणारला गेलो. सरोवराच्या काठावर बसलो. लवणासुराची कथा त्याला पाठ होती. मी उल्केची सांगितली. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे हे विवर आघाताने झाले, हे 1973 साली शास्त्रज्ञांनी इथल्या खडकांवरून दाखवले. (कधी झाले, हजारो वर्षांपूर्वी की लाखो, ह्यावर मतभेद आहेत.) त्या तडाख्याने काळा पाषाण वितळून काच झाली.

"येवढंच?" पोरगा म्हणाला.

एवढेच कसे? सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश. 1965 साली जिनेव्ह्याच्या सर्न संस्थेतील हागेडोर्न ह्यांनी तर सुमारे दोन लाख कोटी अंशांवर टोक मांडले होते. आधणाला कितीही जाळ घाला, पाणी शंभराच्या आसपासच राहते, जाळ वाफेत खर्च होतो; तशी तिथे शक्ती नवे कण निर्माण करण्यात खर्च होते, असा त्यांचा हिशेब. पुढे कळले, की ते टोक नव्हेच. तिथे अणुगर्भातले कणच वितळतात, आणि त्या रसाला आणखी तापवता येते. अमेरिकेत ब्रुकहेवनला सोन्याचे अणुगर्भ एकमेकांवर आदळून सुमारे चार लाख कोटी अंश गाठल्याचे 2010 साली जाहीर झाले.

"आन् त्याच्या पुढं?"

एकावर 32 शून्ये मांडली, की त्याच्या आसपास प्लांक ह्यांच्या नावाचे उष्णतामान येते. तिथे गुरुत्वाकर्षणाचे आणि सूक्ष्म कणांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. आजचे शास्त्र थांबते. तेच शेवटचे टोक, हे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही.

"म्हनजे कोनालेच माहीत नाही?"

"नाही. आणि दिवाळीत मी सांगितले ते चूक होते. शाळेत तसे सांग."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग काटकी घेतली आणि मातीत एक काढून पुढे शून्ये मांडू लागला. एकोणीस झाली, तेवढ्यात एस.टी.ची वेळ झाली.