वाटप आणि उधारी

यवतमाळात ग्राहकांच्या मालकीचा किराणा चालेल का, यावर लिही, असं संपादकांनी सांगितलं. ज्या व्यवस्थेचं नाव अशा वेळी सर्वांत आधी निघतं, ती मुंबईत आहे. म्हणून आधी तिच्याकडे वळले.

बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संगीतकार सुधीर फडके यांचाही तिला हातभार होता. टंचाईचे, भेसळीचे, साठेबाजीचे दिवस होते ते. आज तीस हजारांहून अधिक कुटुंबं तिच्यातून वाणसामान घेतात. इतिहास एवढा पुरे, कारण मला खिळवून ठेवलं ते वाटपाच्या पद्धतीनं.

या पंचायतीला दुकान नाही. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ होतो. महिन्याची छापील यादी घरोघरी जाते, प्रत्येक घर आपापली मागणी भरतं, संघप्रमुख ती गोळा करते. संघप्रमुख बहुतेक ठिकाणी बाईच असते आणि हे काम ती बिनपगारी करते. साऱ्या संघांची बेरीज झाली की घाऊक खरेदी होते. मग संघातल्या एका सभासदाच्या घरी माल उतरतो. त्या दिवशी त्या घराच्या दिवाणखान्यात तांदूळ, डाळी, साबण यांचे ढीग लागतात, बाकीचे सभासद येतात, यादी हातात धरून एकेकाचा वाटा लावतात.

मागणी आधी आणि खरेदी नंतर, या क्रमातच सगळी बचत आहे. न खपलेला माल पडून राहत नाही, गाळ्याचं भाडं नाही, आकर्षक मांडणीचा खर्च नाही. पण मला याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. दर महिन्याला ज्यांची यादी आपल्या हाताखालून जाते, त्यांच्या घरात काय चाललंय हे कळतं. कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाची साखर अचानक बंद झाली, कोणाचा कागद या खेपेला आलाच नाही. न आलेल्या कागदाची चौकशी करायला कोणीतरी दार वाजवतं. शेजार म्हणतात तो हाच.

सहकारानं दुकान उघडलं की काय होतं, याचंही उदाहरण मुंबईतच आहे. नायगावच्या गिरणी कामगारांमध्ये 1948 साली ज्या संस्थेची सुरुवात झाली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मोठी झाली. 1999 मध्ये नेरूळला तिचीच शाखा राधाकिशन दमाणींनी चालवायला घेतली होती. तीन वर्षांनी पवईत त्यांचं पहिलं डी-मार्ट उघडलं. दुकान वाढलं की सभासदाचं हळूहळू गिऱ्हाईक होतं, आणि नुसत्या गिऱ्हाइकाला स्वस्ताई कुठेही चालते, असं मला वाटतं.

हे सगळं यवतमाळला आणायचं म्हटलं की पहिली आडवी येते ती उधारीची वही. घाटंजी, केळापूर, झरी-जामणीकडचं मजुराचं घर किराणेवाल्याकडून माल घेतं ते कापसाच्या चुकाऱ्याच्या भरवशावर. दर चढा असतो, हे त्या घरच्या बाईला पक्कं ठाऊक असतं. पण आषाढात कामं थांबली की तेल देतो तो तोच. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या 28 जणांनी 1844 मध्ये ग्राहकांचं सहकारी दुकान उघडलं, तेव्हाही नियम रोखीचाच होता. रोखीची शिस्त संस्था वाचवते, पण ज्याला संस्थेची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच दाराबाहेर ठेवते.

म्हणून इथं महिला बचत गटांनी सुरुवात धान्य बँकेच्या रीतीनं करावी, असं माझं मत आहे. सुगीला पायलीनं भरायचं, अडचणीत उचलायचं, पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. सावकाराच्या वाढीदिढीला हे उत्तर आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तेव्हा या बँकेच्या कोठीत तूर ठेवावी. तूर आपल्याच शेतात पिकते, हंगामात पडत्या भावानं विकली जाते आणि पावसाळ्यात तिचीच डाळ आपण चढ्या भावानं आणतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळमिल बचत गटाच्या आवाक्यातली आहे. डाळ गावात राहील, चुरी गुरांना मिळेल.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. मुंबईतही नोकरी करणाऱ्या सुनेला वाटपाला बसायला वेळ नाही, आणि मोबाइलवर मागवलेला किराणा काही मिनिटांत दारात येतो. इथली अडचण अधिक कठीण आहे. पाऊस गेला तर साऱ्या गावाची तूर एकदमच जाते, तेव्हा परतफेड कोणी करायची? कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोठीची किल्ली कोणाकडे, ओली तूर किती वजनानं धरायची, कीड लागली तर नुकसान कोणाच्या खाती? यातला एकेक प्रश्न गट मोडू शकतो. त्याचे नियम पहिलं पोतं आत येण्याआधी, सगळ्यांच्या सह्यांनी ठरायला हवेत. आणि वाईट वर्षी बाहेरून तूर आणायची तर गटाच्या बचतीतली काही रक्कम कर्जवाटपातून वगळून वेगळी ठेवावी लागेल. महिला गटांनी हा हिशेब तूर कापणीला येण्याआधीच मांडायला घ्यावा.