एक इसार, दुसरी बोली

सतराव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "कर्वेनगरला तळमजल्याचा फ्लॅट निघालाय, मागे चार कुंड्यांपुरती जागा आहे. बघायला काय जातंय?" बघायला काय जातं, ते आता मला नीट माहीत आहे.

सतरा दिवसांपूर्वीच आम्ही सिंहगड रोडच्या एका काकांना 1 लाखाचा इसार दिला होता. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर, किंमत 78 लाख. लिफ्ट नाही, पण बसवायचा विचार चालू आहे म्हणे. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हा विचार वर्षानुवर्षं चालू असतो. सासूबाईंचे गुडघे हा घरातला न बोलला जाणारा विषय होता.

कर्वेनगरला आम्ही 'सहज' गेलो. सासूबाई मागच्या पायरीवर टेकल्या त्या उठेचनात. मालक 84 सांगत होते. निघताना मी एजंटला म्हणून गेले, "82 ला देत असतील तर आम्ही घेऊ." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं गाडीत बसेपर्यंत टिकलं. रात्री त्याने फाईलमधली इसारपावती काढून माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेले. एकीकडे इसार दिलेला असताना दुसरीकडे बोली लावणं गुन्हा आहे का, हा माझा पहिला प्रश्न. त्या हसल्या. गुन्हा नाही. दोन घरं घ्यायचे करारही कोणी करू शकतं. फक्त मग दोन्ही पाळावे लागतात. "आधी पावती दाखवा," म्हणाल्या.

पावती म्हणजे एजंटने अर्ध्या पानावर लिहिलेला मजकूर. आम्ही घाईत सही केली होती आणि घरी येऊन पेढे खाल्ले होते. वकीलबाईंनी मात्र त्यातल्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. 'इसारापोटी' आणि '45 दिवसांत खरेदीखत न केल्यास सदर रक्कम जप्त'. बोलताना आपण टोकन, इसार, बयाणा, अ‍ॅडव्हान्स सगळं एकाच अर्थाने म्हणतो. कागदावर तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालच्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. रक्कम व्यवहार पुरा करण्याची हमी म्हणून दिलेली असेल, करारात तसं स्वच्छ लिहिलेलं असेल आणि चूक घेणाऱ्याची असेल, तर विकणारा ती ठेवून घेऊ शकतो. तीच रक्कम नुसती किमतीचा भाग म्हणून आगाऊ दिलेली असेल, तर ती जप्त करता येत नाही. विकणाऱ्याचं खरोखर नुकसान झालं असेल तर त्याने भरपाई मागावी, ती गोष्ट वेगळी. आमच्या पावतीत पहिला प्रकार होता. एजंटचं अक्षर वाईट, पण मसुदा पक्का.

"'खरेदीदार किंवा ते सांगतील त्यांचे नावे' असं कुठे आहे का?" त्यांनी विचारलं. तसं असतं तर आमच्या जागी दुसरं गिऱ्हाईक उभं करता आलं असतं. नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की आम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहोत. साठेखत नोंदवलेलं नाही. साठेखताने घर आपलं होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा, त्यात हे सांगितलेलंच आहे. पण मालक मागे फिरला तर व्यवहार पुरा करून द्या म्हणून कोर्टात जाता येतं, आणि घेणारा फिरला तर मालकालाही तो रस्ता मोकळा असतो. शिवाय मुद्रांक शुल्क भरलेलं नव्हतं. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेणार होतो, म्हणून पुण्यात 7 ऐवजी 6 टक्के; तरी 78 लाखांवर 4 लाख 68 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. तो पैसा अडकल्यावर मन बदललं असतं, तर परताव्यासाठी अर्ज करत बसावं लागलं असतं. बँकेची फाईल मात्र सिंहगड रोडच्याच फ्लॅटला बांधलेली होती. कर्ज मंजूर होतं ते माणसाबरोबर त्या घरालाही. घर बदललं की सर्च रिपोर्ट, मूल्यांकन सगळं नव्याने, नव्या पैशाने.

माझ्या नणंदेचं प्रकरण सोपं होतं. तिने बिल्डरकडे नवं घर बुक केलं आणि आठवड्याने बेत बदलला. महारेराच्या नमुना वाटपपत्रात 15 दिवसांच्या आत रद्द केलं तर काही कापायचं नाही, पुढे टप्प्याटप्प्याने घराच्या किमतीच्या 2 टक्क्यांपर्यंत. शिवाय करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. माणसामाणसांतल्या जुन्या फ्लॅटच्या सौद्याला ही छत्री नाही. तिथे ती अर्ध्या पानाची पावती हाच कायदा.

संध्याकाळी कर्वेनगरच्या एजंटचा फोन. "मॅडम, 82 ला तयार झालेत. रविवारपर्यंत टोकन द्या." खरं सांगू? मालक नाही म्हणतील या भरवशावरच मी बोली लावली होती. नवरा म्हणाला, "चेकबुक माझ्याकडे आहे आणि एका वेळी एकच इसार." वकीलबाईंचा सल्ला एवढाच होता की आधी काकांना सांगा, आणि लवकर सांगा. जितका उशीर, तितकं त्यांचं नुकसान आणि तितकी तुमची जबाबदारी.

काकांनी ऐकून घेतलं. चहा झाला. मग ते आत गेले आणि एक पावती घेऊन आले. साताऱ्यात मुलाजवळ छोटं घर बघितलं होतं, त्याचा त्यांनी दिलेला इसार. रक्कम 1 लाख. तारीख आमच्यानंतर दोन दिवसांची. "तुमचेच आहेत ते," म्हणाले. म्हणजे आम्ही फिरलो तर त्यांचं साताऱ्याचं घर अडकणार, आणि तिथला मालकही कदाचित कुणाला शब्द देऊन बसलेला. हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. काका रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. "दुसरं गिऱ्हाईक आणा, तुमचे पैसे परत करतो," एवढंच म्हणाले.

कर्वेनगरच्या मालकांना मी खरं काय ते कळवलं आणि बिनपैशांचे दहा दिवस मागितले. त्यांनी 'बघू' म्हटलं. ओळखीत विचारलं, ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. दोघं बघून गेले, लिफ्टचं विचारून गेले. सातव्या दिवशी एजंटने कळवलं की कर्वेनगरचा फ्लॅट 84 लाच गेला.

खरेदीखत ठरल्या मुदतीत, 41 व्या दिवशी झालं. काका आता साताऱ्याला असतात, दिवाळीत कंदी पेढे पाठवतात. सासूबाई दिवसातून एकदा खाली उतरतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. जिन्यात वस्तू ठेवायची नाही असा सोसायटीचा नियम आहे, पण सेक्रेटरींनी परवानगी दिली आहे. तोंडी.