उन्हाळ्यांतील एक फेरफटका

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे रानांत पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. गवत करपलेलें, ओढा आटलेला; मग फुलपाखरें कोठून दिसणार? हा समज खोटा आहे, हें दाखविण्यासाठीं आम्ही कांहीं मुलांना घेऊन एके दिवशीं सकाळीं गांवाबाहेरच्या ओढ्याकडे गेलों.

प्रथम एक सूचना. फुलपाखरूं हा शीतरक्ताचा जीव आहे. उन्हानें अंग तापल्यावांचून त्याला नीट उडतां येत नाहीं. म्हणून सूर्य थोडा वर आला कीं तीं पंख पसरून उन्हांत बसलेलीं आढळतात. आपली सावली त्यांच्यावर पडूं न देतां हळूहळू जवळ जावें.

ओढ्यांत एके ठिकाणीं ओल राहिली होती. तेथें दहाबारा फुलपाखरें चिखलाला सोंड लावून बसलीं होतीं. हा केवळ तहानेचा प्रकार नव्हे. फुलांतील मधांत क्षार फार थोडे असतात. ते तीं ओल्या मातींतून शोषून घेतात. असे जमणारे बहुतेक नर असतात.

पुढें बांधावर रुईचीं झुडपें लागलीं. नारिंगी पंखांचें, काळ्यापांढऱ्या टोकांचें एक फुलपाखरूं त्यांच्याभोंवतीं संथपणें घिरट्या घालीत होतें. इंग्रजींत याला 'प्लेन टायगर' म्हणतात. ज्या रुईच्या पानांच्या माळा शनिवारीं मारुतीला घालतात, तिच्याच पानांवर याची मादी एक एक अंडें घालते. अळी तें विषारी पान खाऊन वाढते व तें विष अंगांत सांठविते. एकदां चव घेतलेला पक्षी पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं. म्हणूनच या फुलपाखराला उडण्याची घाई नसते. 'डॅनाइड एगफ्लाय' नांवाच्या दुसऱ्या एका जातीची मादी, अंगीं तें विष नसतां, हुबेहूब हाच वेष धारण करून आपला जीव वांचविते.

येथें एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आपल्या शाळेच्या कुंपणाजवळ हीं आतां कां दिसत नाहींत?" हा प्रश्न आमच्या जिव्हारीं लागला. कारण कुंपणालगतची रुई निरुपयोगी तण समजून दोन वर्षांपूर्वीं आम्हींच उपटून टाकविली होती. फुलझाडें मात्र हौसेनें लावलीं होतीं. मध पुष्कळ फुलांत मिळतो. पण अळीला ठराविकच पान लागतें, आणि तें नसेल तर पुढची पिढी तेथें जन्मतच नाहीं. ही साधी गोष्ट वर्गांत शिकवीत असूनहि आम्ही विसरलों होतों, आणि तसें आम्हीं मुलांजवळ कबूल केलें.

हाच न्याय परसांतील लिंबोणीलाहि लागू आहे. तिच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. पुढें ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दुभागलेलें शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. २०१५ सालीं महाराष्ट्रानें राज्याचें फुलपाखरूं म्हणून जिची निवड केली, त्या राणी पाकोळीच्या अळ्याहि लिंबोणीच्याच कुळांतील झाडांवर वाढतात. तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, चार पानें कुरतडलेलीं दिसतांच अळी चिरडूं नये. मुलांनीं एक वही करावी. तींत दिनांक, वेळ, ठिकाण व झाडाचें नांव लिहावें. जाळें व बाटली घरींच ठेवावी. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊं देऊं नये.

कुंपणाजवळचा एक कोपरा आम्हीं यंदां तसाच सोडला आहे. तेथें रुई पुन्हां फुटली आहे. फुलपाखरूं अजून आलेलें नाहीं. येईल तेव्हां तें प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतें, तें पाहूं.