पाखरांच्या गांवची पहिली सहल



घरांत तेरा-चौदा वर्षांचें मूल असलें म्हणजे वडील माणसांना एक अनुभव हटकून येतो. कालपर्यंत आपलें बोट धरून चालणारें तें मूल एकाएकीं अबोल होतें, विचारलेल्या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतें आणि पुन्हां हातांतल्या मोबाइलकडे वळतें. अशा मुलाच्या सहवासांत एक दिवस आनंदानें घालविण्याचा एक मार्ग मी आज आपणांस सुचविणार आहें. तो म्हणजे त्याला घेऊन पक्षी पाहावयास जाणें.

आरंभीं माझीच फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी माझ्या चौदा वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्याहून भिगवणला गेलों. घरून निघावयासच आठ वाजले, वाटेंत न्याहारींत तास गेला आणि पाण्यावर पोहोंचलों तों ऊन चांगलेंच तापलें होतें. पक्षी दूर, उन्हाच्या झळांत थरथरणारे नुसते ठिपके. दुर्बीण एकच, आणि ती माझ्या गळ्यांत! मी एकामागून एक नांवें सांगत होतों व ती मुकाट्यानें मान डोलवीत होती. दोन तासांत तिनें एकच प्रश्न विचारला, "मामा, घरी कधी जायचं?" दोष पक्ष्यांचा नव्हता आणि मुलीचाहि नव्हता. ती सहल मीं माझ्यासाठीं आंखली होती. पुढच्या हिवाळ्यांत आम्ही तेथेंच पुन्हां गेलों. त्या खेपेस जें निराळें केलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

पहिला प्रश्न स्थळाचा. नवशिक्यानें प्रथम दाट जंगलांत जाऊं नये. तेथें आवाज पुष्कळ ऐकूं येतात, पण पानांआडचा पक्षी दिसत नाहीं आणि मुलाचा धीर सुटतो. उघडें, उथळ पाणी पहिल्या दिवसासाठीं उत्तम. कारण पाणपक्षी बहुधा आकारानें मोठे, थव्यानें राहणारे आणि बराच वेळ एका जागीं दिसणारे असतात. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याच्या फुगवट्याच्या कडेला, पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. या पाण्याखालीं गांवें गेलीं, शेतें गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी ओसरलें म्हणजे अजूनहि वर दिसूं लागतें. त्याच उथळ पाण्यांत व चिखलांत आज हजारों पक्ष्यांचें पोट भरतें, आणि कुंभारगांव, डिकसळ येथील मच्छीमार पाहुण्यांना नावेंतून पक्षी दाखवितात. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस जाण्यास योग्य.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. निघण्यापूर्वीं आठ दिवस आम्हीं घरच्या खिडकींतूनच अभ्यास केला. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार हीं चार मापें मनांत पक्कीं केलीं. नवा पक्षी दिसला कीं तो यांपैकीं कोणाएवढा, हें आधीं ठरवावयाचें. मग चोंच पाहावयाची, मग पाय. चोंच आणि पाय हीं पक्ष्याच्या धंद्याचीं हत्यारें होत. दर्वीमुखाची चोंच पळीसारखी चपटी. ती तो पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो. रोहित तर मान खालीं घालून चोंच उलटी करतो आणि पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीव व शेवाळ खातो. त्या अन्नांतील रंगद्रव्यांमुळेंच त्याच्या पिसांवर गुलाबी छटा चढते. त्याचीं पिलें करड्या रंगाचीं असतात. हें एकदां उमगलें म्हणजे मूल नांव विचारण्याआधीं 'हा काय खात असेल?' असें विचारूं लागतें, आणि खरें निरीक्षण तेथून सुरू होतें. नांवांतहि गंमत आहेच. चोंचीच्या मुळाशीं लाल ठिपके व टोंकाला पिवळा रंग, म्हणून तें बदक हळदी-कुंकू. काळ्या देहावर कपाळीं पांढरा टिळा, म्हणून तो पाणपक्षी वारकरी!

दुर्बीण आठ पट मोठें दाखविणारी व ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची असावी. एकच असेल तर ती मुलाच्या गळ्यांत असावी. पक्ष्यावरची नजर न हलवितां दुर्बीण डोळ्यांपाशीं आणावयाची, एवढी युक्ति घरींच घटवून घ्यावी. सूर्याकडे मात्र ती कधींहि रोखूं नये.

त्या दिवशीं आम्ही पहांटे चारला निघालों व उजाडतांना कांठावर होतों. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, डब्यांत दशम्या, आणि एक वही. वही तिची, तींत मीं कांहीं लिहावयाचें नाहीं, असा करार होता. नावेंत बसण्यापूर्वीं तरंगण्याचें जाकीट अंगांत घालावें आणि नावाड्यास स्पष्ट सांगावें कीं, थवा उडवून दाखवूं नकोस. हें सांगण्यास कारण आहे. पट्टकादंब हे हंसजातीचे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येथें उतरतात. छायाचित्राच्या लोभानें त्यांस वारंवार उडविणें म्हणजे त्यांचें चरणें बंद पाडून साठविलेली शक्ति फुकट दवडणें होय. थव्यांतील माना एकदम ताठ झाल्या कीं आपण फार जवळ आलों असें समजून थांबावें.

कांठावर एक काळा पक्षी चरत होता. "तो पाणकावळा," मी म्हणालों. भाची बराच वेळ दुर्बिणींतून पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "नाही मामा. चोच खाली वाकलीय, डोक्यावर लाल आहे आणि खांद्यापाशी पांढरा डाग." पुस्तक उघडलें. तो काळा शराटी होता. माझी चूक झाली होती, आणि तसें मीं कबूल केलें. परततांना दीड तास ती एकसारखी बोलत होती.

डॉ. सालिम अलींच्या बालपणाची गोष्ट प्रसिद्ध आहे. छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी ओळखेना म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनीं त्या पोरास वाटेला न लावतां संग्रहाचीं कपाटें उघडून दाखविलीं. पुढें १९४१ मध्यें त्याच मुलाचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. प्रत्येक मूल सालिम अली होणार नाहीं. परंतु मिलार्ड होणें आपणां प्रत्येकास शक्य आहे.

मोबाइलचें वैर करूं नये. पक्ष्यांचे आवाज ओळखणारीं साधनें त्यावर आहेत. मात्र डोळे-कान वापरून झाल्यावर तीं वापरावींत. घरीं आल्यावर वहींतील यादी 'ई-बर्ड'वर नोंदवावी. अशाच हौशी लोकांच्या नोंदींवरून २०२३ च्या अहवालांत भारतांतील ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिति तपासण्यांत आली. आपल्या नोंदीचा कोणास तरी उपयोग आहे, हें कळण्याची त्या वयाला फार गरज असते.

दहा-अकरा वाजतां, मुलाची इच्छा अजून शिल्लक असतांनाच, परतावें. किती जाती पाहिल्या याचा हिशेब विचारूं नये. पुढील खेपेस कोठें जावयाचें, एवढें मात्र त्यालाच ठरवूं द्यावें.