लेण्यातील अंधार आणि क्षणदीप

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून जातो. त्यामुळे दोन्ही शहरांतील हौशी छायाचित्रकारांचा या डोंगरांत नित्य वावर असतो. खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तथापि तेथून फार दूर नसलेल्या कोंडाण्याच्या लेण्यात शिरणाऱ्या छायाचित्रकाराला आपला प्रकाश आजही स्वतःबरोबरच न्यावा लागतो. हा प्रकाश म्हणजे क्षणदीप. बोलण्यात त्यास सर्वत्र फ्लॅश म्हणतात. त्याचा उपयोग कसा केला असता हौशी छायाचित्र अभ्यासाचे साधन ठरते, आणि कसा केला असता ते दिशाभूल करते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अंधाऱ्या वास्तूत कृत्रिम प्रकाश नेण्याची कल्पना जुनी आहे. १८६५ साली चार्ल्स पियाझी स्मिथ याने मॅग्नेशियम जाळून इजिप्तमधील मोठ्या पिरॅमिडच्या अंतर्भागाची छायाचित्रे घेतली. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे व गेडिके यांनी एकदम भडकणारी पूड सिद्ध केली. परंतु तिच्या धुराने लहानशी जागा लगेच कोंदून जाई. पुढे एकदाच पेटणारे काचेचे दिवे आले, आणि १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक झोत सोडण्याची पद्धत पुढे आणली. आजचा क्षणदीप याच जातीचा आहे. त्याची दीप्ती सुमारे एक सहस्रांश सेकंद, किंवा त्याहूनही कमी काळ टिकते.

कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत. ती इसवी सनापूर्वीची मानली जातात. त्यांतील चैत्यगृह सुमारे २० मीटर लांब असून त्याचा दर्शनी भाग लाकडी बांधणीचे अनुकरण करणारा आहे. पुष्कळशा स्तंभांचे खालचे भाग नष्ट झाले आहेत. दर्शनी कमानीतून दिवसा भरपूर उजेड येतो. मात्र बाजूचे पदपथ व स्तूपामागील भाग काळोखात राहतो. नवशिक्याला पहिली अडचण येथेच येते. तो प्रवेशाशी उभा राहून कॅमेऱ्यावरचाच क्षणदीप उडवतो. जवळचा स्तंभ पांढराफटक होतो, आणि स्तूप काळाच राहतो.

याचे कारण साधे आहे. लहान उगमापासून निघालेल्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. स्तंभ ३ मीटरवर आणि स्तूप १५ मीटरवर असेल, तर अंतर पाचपट म्हणून स्तूपावर पडणारा प्रकाश पंचविसांश होतो. व्यवहारात हाच नियम क्षणदीपाच्या मार्गदर्शक अंकात सामावलेला असतो. हा अंक २४ असेल, तर त्यास अंतराने भागून छिद्रांक मिळतो : ३ मीटरसाठी ८, तर १५ मीटरसाठी १.६. एकाच चित्रात हे दोन्ही साधणे शक्य नाही. यावर उपाय असा की, उजेड मंदावल्यावर कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा, झडप उघडी ठेवावी, आणि क्षणदीप हातात घेऊन स्तंभांच्या आडून एकेका भागावर निरनिराळ्या वेळी झोत टाकावा. लेणे संरक्षित स्मारक असल्यामुळे तिवई व इतर साहित्य नेण्याविषयी पुरातत्त्व खात्याची अनुमती आधी विचारून घ्यावी, हे सांगणे नलगे.

परंतु प्रकाश किती, यापेक्षा तो कोणत्या बाजूने, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस एका भग्न मूर्तीचे मस्तक शिल्लक असून त्याजवळ ब्राह्मी लिपीतील एका ओळीचा लेख आहे. कण्ह म्हणजे कृष्ण याचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय आहे. शिल्पकाराचे वा घडवून घेणाऱ्याचे नाव सांगणारा असा लेख दगडाच्या झिजेबरोबर पुसट होत जातो, म्हणून त्याच्या प्रत्येक चांगल्या छायाचित्राचे मोल आहे.

कोरलेले अक्षर दिसते ते रंगामुळे नव्हे, तर त्याच्या कडेने पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून टाकलेल्या झोतात सावली अक्षरामागेच लपते, आणि भिंत सपाट भासते. समजा, एखाद्या रेषेची कड २ मिलिमीटर खोल आहे. झोत भिंतीशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर सावली २ मिलिमीटर पडेल. कोन १० अंशांवर आणला, तर ती ११ मिलिमीटरांहून लांब होऊ पाहील, म्हणजे खाचेची सारी रुंदी व्यापील. म्हणून क्षणदीप कॅमेऱ्यापासून वेगळा करून भिंतीला जवळजवळ समांतर धरावा. पूर्वी काही जण अक्षरांत खडू भरून छायाचित्र घेत. त्यात दगडाला अपाय होतोच, शिवाय भरणाऱ्याचे वाचन दगडावर लादले जाते. तिरपा झोत ही दोन्ही संकटे टाळतो.

तथापि एकाच तिरप्या झोतावर विसंबणेही धोक्याचे आहे. झोताच्या दिशेला समांतर असलेल्या रेषेची सावली जवळजवळ पडत नाही. प्राचीन ब्राह्मीत ‘क’ हे अक्षर अधिक चिन्हासारखे, तर ‘र’ एका उभ्या रेषेसारखे असते. झोत नेमका डावीकडून आला, तर ‘क’ची उभी रेषा उठून दिसेल, आडवी मावळेल, आणि वाचकाला तेथे ‘र’ असल्याचा भास होऊ शकेल. कण्ह व बलक या दोन्ही नावांत ‘क’ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या भासाचे गांभीर्य कळून येते. झोत खालून आला, तर आणखी एक भ्रम संभवतो. प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरतो. त्यामुळे खोदलेले अक्षर उठावाचे वाटू लागते. म्हणून कॅमेरा न हलवता किमान चार दिशांनी चार छायाचित्रे घ्यावीत, मापपट्टी चौकटीत ठेवावी, आणि प्रत्येक वेळी झोताची दिशा, अंदाजे कोन, अंतर व छिद्रांक वहीत नोंदवावा. ही वही चित्राइतकीच महत्त्वाची होय.

हाच विवेक लेण्याबाहेरही लागू पडतो. मे अखेरीस व जूनच्या आरंभी, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, या घाटपायथ्याच्या झाडांवर काजवे चमकू लागतात, आणि ते टिपावयास छायाचित्रकारांची गर्दी होते. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीमधील संकेत आहे. रात्रीच्या कृत्रिम उजेडाने या संकेतात व्यत्यय येतो, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. शिवाय क्षणदीपाच्या झोतात कीटक स्पष्ट दिसला, तरी त्याची स्वतःची मंद दीप्ती बुडून जाते. म्हणजे जे टिपावयाचे तेच नाहीसे होते. येथे क्षणदीप पिशवीत ठेवणे हाच योग्य प्रयोग. झडप दीर्घकाळ उघडी ठेवून घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करण्याची रीत आता रूढ झाली आहे. असे चित्र मनोहर असते, पण त्यातील ठिपक्यांची संख्या ही एका क्षणी चमकणाऱ्या काजव्यांची संख्या नव्हे. चित्र किती वेळाचे व किती चित्रांचे मिळून झाले, हे खाली लिहिले नाही, तर पुढील अभ्यासक त्यावरून चुकीचे अनुमान काढील.

लेण्यातील अक्षर आणि झाडावरील काजवा यांत दिसावयास साम्य नाही. पण दोन्ही ठिकाणी छायाचित्रकाराचा प्रकाश हा पुराव्याचाच एक भाग बनतो. विद्यापीठीय संशोधकाला प्रत्येक ऋतूत प्रत्येक लेण्यापाशी जाता येत नाही. हौशी मंडळी मात्र दर आठवड्यास या वाटांनी जातात. त्यांनी आपल्या चित्रांसोबत प्रकाशाची नोंद ठेवली, तर दहा-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून बलकाच्या लेखाची किती झीज झाली हे मोजता येईल. प्रकाशाची दिशा भिन्न व अज्ञात असेल, तर तीच दोन चित्रे या कामी निरुपयोगी ठरतील.